दत्तूच्या रॉकेटची गाठ

तमाम नागरिक बंधू-भगिनींना अत्यंत गंभीरपणे कळवण्यात येते की, माणूस चंद्रावर उतरला त्या साली कोल्हापुरातूनही एक रॉकेट चंद्राकडे निघाले होते आणि ते अर्ध्या वाटेत कोसळले. त्या अपघाताची चौकशी कधी झाली नाही. ती आज होत आहे. न्यायाधीश तुम्ही, आरोपी मी, आणि साक्षीदार — माझे पुढचे दोन दात.

हसलात? हसा. लोकांना हसवतच मी मोठा झालो. ही गोष्टही मी मित्रांच्या बैठकीत कितीदा तरी रंगवून सांगितली आहे — पण खोटी. खरी कुणालाच सांगितलेली नाही. बायकोलाही नाही.

तर, आमच्या तालमीचा गणपती. शेजारच्या पेठेत मान हलवणारा मारुती होता आणि आम्हाला त्याच्यावर मात करायची होती. म्हणून देखावा ठरला चंद्रावरच्या स्वारीचा. रॉकेट करणार कोण? दत्तू — दुसरं नाव कुणाच्या तोंडी आलंच नाही. दत्तू माझ्या शेजारचा, माझ्याच वयाचा. वडील गेलेले. तो आणि त्याची आई घरी बाशिंगं करायचे. लग्नात नवऱ्याच्या कपाळाला बांधतात ती — कागदाची, भेंडाची, बेगड लावलेली. पेठेत कुणाचं लग्न ठरलं की पत्रिका छापायच्या आधी माणूस दत्तूच्या दारात.

काय रॉकेट केलं होतं त्यानं! कळकाच्या कामट्या, त्यावर पिठाच्या खळीनं चिकटवलेला पतंगाचा कागद, वरून रुपेरी बेगड. पुरुषभर उंच, आणि एका हातानं उचलावं इतकं हलकं. शेंड्याला दोर. तो वरच्या कप्पीवरून मागे पडद्याआड यायचा. ओढला की रॉकेट डुलत डुलत चंद्राकडे, आणि शेपटातून उदबत्त्यांचा धूर. शेंड्याच्या गाठीवर दत्तूनं खळ फासून ती वाळवली होती. बाशिंगाच्या दोऱ्याला तो तसंच करायचा.

दोर ओढणार मी. माईकवर बोलणारही मीच — दोन्ही मलाच पाहिजे, असा हट्ट धरला होता मी. दत्तू एवढंच म्हणाला, "पुढारी, दोर मनगटाला गुंडाळ. बोलताना तुझं हात लई हलत्यात."

नाही गुंडाळला. मनगट अडकलं असतं ना! आणि हात मोकळे नसले तर मला बोलता येतं का?

पहिली संध्याकाळ. सगळी पेठ लोटलेली. पुढच्या रांगेत दत्तूची आई, ठेवणीतलं लुगडं नेसून. रॉकेट निघालं. लोकांच्या माना वर वर जाऊ लागल्या, माझा आवाजही वर वर जाऊ लागला, आणि "पाहा मंडळी, पाहा —" म्हणत मी दोन्ही हात पसरले.

दोन्ही.

रॉकेट नाकावर आदळलं, गणपतीच्या पुढ्यात.

मी झटकन देखाव्यापुढचा पडदा ओढून घेतला. आता इथपर्यंत आलोच आहे तर... गाठ सुटली नव्हती. शेंड्याला ती जशीच्या तशी होती, दगडासारखी. ती तशी दिसली असती तर दोर कुणाच्या हातून सुटला, हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. मी नखं लावली. निघेना. बाहेर गलका वाढला. मग मी खाली बसलो, आणि दातांनी ती गाठ सोडवली. खळीची ती पिठूळ चव — अजून येते कधी कधी.

नंतर माईक. "मंडळी, घाबरू नका! चंद्र जाग्यावर हाय! फकस्त आमच्या दत्तूची गाठ सुटली!"

पेठ खदाखदा हसली. इतकं मोठं हसू मला आधी कधी मिळालं नव्हतं. आणि मला ते आवडलं — हेही लिहायला हवं.

दत्तू पडद्याआड आला. दोराचं मोकळं टोक त्यानं बोटांनी चाचपून बघितलं. मग मलाच म्हणाला, "खळ वाळली न्हाय वाटतं. माझंच चुकलं."

त्यानं रॉकेट दुरुस्त केलं. विसर्जनापर्यंत ते रोज चंद्रावर गेलं. ते कुणाच्या लक्षात राहिलं? लक्षात राहिला माझा विनोद. रॉकेटची गाठ सुटली तर माणसं हसतात. पण बाशिंगाची? ज्याची गाठ सुटते त्याच्या हातचं बाशिंग कोणती आई आपल्या पोराच्या कपाळाला बांधेल? तोंडावर कुणी काही बोललं नाही. नुसते दुसरीकडे जाऊ लागले. पुढच्या लग्नसराईत दत्तू बाशिंगांचं खोकं डोक्यावर धरून एस.टी.त चढताना दिसायचा. मलकापूरच्या बाजाराला जायचा — तिथं माझा विनोद पोचला नव्हता. गर्दीत निम्मी बाशिंगं चेपायची. मला बघून हाक मारायचा, "काय पुढारी, बरं हाय न्हवं?" त्याच्या मनात काही नव्हतं. त्याला खरंच वाटत होतं, चूक त्याची.

पुढच्या वर्षी माईक पुन्हा माझ्याकडे होता. तीच जागा, तेच लोक. एक वाक्य बोलायचं होतं. लोकांनी तोच विनोद पुन्हा मागितला, आणि मी तो केला.

मग माझं लग्न ठरलं. आमच्या घरच्यांनी बाशिंग दुसरीकडून आणलं. दत्तूला कुणी विचारलंही नाही. तरी वऱ्हाड निघायच्या आधी तो दारात उभा, आपणहून केलेलं बाशिंग दोन्ही हातांत धरून. तीच रुपेरी बेगड. दोऱ्याच्या गाठीवर खळ, नखानं टकटक वाजेल इतकी वाळवलेली. ती गाठ मी लांबूनच ओळखली.

आईनं ते त्याच्याकडून घेतलं आणि माझ्याकडे वळली. मी पाटावर बसलो होतो. माझे दोन्ही हात मोकळे होते, मांडीवर. माईक लागणार नव्हता, घर एवढंसं होतं. मी मान खाली घातली.

आणि माझी आत्या, दत्तू अजून दारातच उभा असताना, सगळ्यांदेखत ओरडली —

"अगं वैनी, ते नगं बांधू! त्याची गाठ सुटती!"