जवळ आलेले खिसे

आमचे काका शिंपी होते. गल्लीतल्या सगळ्यांची मापं त्यांना तोंडपाठ, स्वतःचं मात्र कधी कुणाला कळू दिलं नाही. ते गेले आणि महिन्याने आत्याने घरीच त्यांचा अल्बम करायला घेतला. पुठ्ठे कापले, दोऱ्याने शिवले आणि फोटो छापायला दुकानात गेली.

"सगळे लहानच काढ, जास्त मावतील," ती फोटोवाल्याला म्हणाली. "कागद चकचकीत दे."

"मावशी, चकचकीतवर बोटं उमटतात. पहिल्या पानाला एक तरी मोठा घ्या, मॅटवर. नमुना बघा, मग बोला."

त्याने दोन वर्षांपूर्वीचा फोटो वहीएवढा काढून दिला. काका मशीनपाशी पाठमोरे उभे, मान वळवून हसतायत. त्याच दिवशी आत्या त्यांना म्हणाली होती, "काय रे दादा, या वयात कंबर बारीक करून कुणाला दाखवायचीय?"

"तुझ्या जिभेलाच एक टाका घालतो, थांब," काका म्हणाले होते.

आत्या बघतच राहिली. मोबाइलवर हे कधी दिसलंच नव्हतं. पँटचे मागचे दोन्ही खिसे एकमेकांना टेकले होते. मागची शिवण आत घेत गेलं की खिसे असे जवळ येतात, हे शिंप्याच्या बहिणीला कुणी सांगावं लागत नाही. आणि आम्हाला आजार कळला शेवटच्या तीन महिन्यांत.

"अगं बाई! हा गुपचूप पँटी आत घेत होता, आणि मी चेष्टा करत होते?"

फोटोवाला घाबरला. "मावशी, कमरेखालचा कापून देऊ का?"

"नको. सगळे एवढेच मोठे काढ. कधीपासून चाललं होतं, बघू दे मला."