वीस मिनिटं थ्रेशर बंद

मैत्रिणींनो, आजचं तुम्हाला सांगितल्याशिवाय राहवत नाही, म्हणून लिहिते आहे.

माझी लेक परदेशात पियानो वाजवते, शिकवते. सध्या गावी आली आहे. परदेशातलंच एक संगीत महाविद्यालय आज तिचा ऑनलाइन तास पाहून नोकरीचं ठरवणार होतं. पडद्यावरची विद्यार्थिनी वाजवू लागली आणि शेजारच्या खळ्यात धानाच्या मळणीचं थ्रेशर सुरू झालं. लेकीला काही ऐकू येईना.

मी धावले. "सुखरामभाऊ, वीस मिनिटं बंद ठेवता?"

"काऊन वो काकू? आभाळ भरून राहिलं, दिसत नाही का?" असं म्हणतच त्यांनी मशीन बंद केलं.

मी लेकीच्या तासाचं सांगितलं आणि आम्ही दोघं आभाळाकडे पाहत उभे राहिलो.

तास संपला आणि थेंब पडू लागले. लेक धावत आली, धानाचे भारे उचलून छपराखाली नेऊ लागली. पियानो वाजवणाऱ्याने बोटं जपावीत, असं आमच्या कॉन्व्हेंटच्या सिस्टर सांगायच्या. म्हणून मी तिला कधी विळीलाही हात लावू दिला नव्हता. आज धानाच्या पात्याने तिचं बोट चिरलं. मी दुसरा भारा उचलला.

"चार भारे भिजले," सुखरामभाऊ म्हणाले. "पोरीचं तं झालं ना?"

निकाल उद्या आहे. तुम्ही लेकीला भारे उचलताना थांबवलं असतं का?