खव्यातली बेंझिन रिंग

तिसऱ्या पोरानं स्लाइड लावली आणि मी खुर्चीत पुढे सरकलो. ग्राफवर सोळाशे एक या आकड्याला तीच टोकदार खाच. पहिल्याच्या आवळ्यात होती, दुसऱ्याच्या बाभळीच्या सालीत होती, आता याच्या कडुनिंबातही. तिघंही छाती फुगवून सांगत होते, "हा ॲरोमॅटिक रिंगचा, म्हणजे बेंझिनसारख्या कड्याचा पुरावा!"

बीडच्या आमच्या कॉलेजात पोरांची संशोधन स्पर्धा होती. विषय इन्फ्रारेड आणि रामन स्पेक्ट्रोस्कोपी. पहिल्या नंबराला उन्हाळ्यात पुण्याच्या मोठ्या लॅबमध्ये दोन महिने काम करायला मिळणार होतं. आसपासच्या कॉलेजांत इन्फ्रारेडचं मशीन फक्त आमच्याकडे आणि ते सांभाळणारा मी, गर्जे. पोरं सॅम्पल पाठवायची, मी ग्राफ काढून द्यायचो. मशीनला दुसऱ्यानं हात लावलेला मला खपत नसे.

मशीन काय करतं ते सांगतो. पदार्थातून डोळ्यांना न दिसणारा प्रकाश सोडायचा. अणू एकमेकांना जोडलेले असतात, त्यातला प्रत्येक जोड आपापल्या नंबरचा प्रकाश गिळतो. गिळला की ग्राफवर खाच पडते. लॅबमध्ये तिला पीक म्हणतात, पण शेतातल्या पिकाशी घोळ नको म्हणून मी खाचच म्हणतो. गावातला माणूस लांबून चालीवरून ओळखावा, तसा खाचांवरून पदार्थ ओळखायचा. रामनचं मशीन आमच्याकडे नाही, त्यामुळे त्याच्याबद्दल मी शहाणपणा करत नाही.

रोज सकाळी मशीन तपासायला पॉलिस्टायरीन नावाच्या प्लास्टिकची फिल्म लावलेलं एक कार्ड होल्डरमध्ये ठेवायचं. त्याच्या बऱ्याच खाचा पडतात; त्यातली बेंझिन रिंगची खाच बरोबर सोळाशे एकला आली की मशीन ठीक. मग कार्ड काढायचं. काढायचं! आमच्या होल्डरला दोन फटी. मी कार्ड मागच्या फटीत तसंच ठेवलं आणि पुढच्या फटीत लावून चार पोरांची सॅम्पलं काढली. हे मला आत्ता, हॉलमध्ये बसून कळत होतं.

चौथं सॅम्पल शिरूर कासारच्या शीतलचं. बाजारातल्या खव्यात वनस्पती तूप घालतात का, हे ती शोधत होती. आठवड्यापूर्वी तिचा फोन आला होता.

"सर, दुधाच्या फॅटमधी बेंझिन रिंग कुठून आली? खव्यात ती असायलाच नको."

"तुझं भांडं घाण असंल. माझं मशीन चुकत न्हाई."

"परत एकदा काढता का, सर?"

"एवढा रिकामा हाय का मी?" म्हणून मी फोन ठेवला होता.

आता ती माईकपुढे उभी होती. "खव्यात वनस्पती तूप हाय, ही त्याची खूण. पण ह्या बाकीच्या चार खाचा कशाच्या ते मला माहीत न्हाई. त्या माझ्या सॅम्पलच्या न्हाईत, एवढं नक्की."

परीक्षक मॅडम संभाजीनगरच्या, लई कडक. "इतरांनी प्रत्येक खाच समजावून सांगितली. तुमचं काम अर्धवट वाटतं."

"मॅडम, माहीत नसलेलं कसं सांगू?"

हॉल हसला. मॅडमनी मार्क लिहिले. शीतल खाली मान घालून जागेवर जाऊन बसली. मला माझी लाज वाटली. भलतीच वाटली.

मी शेजारी बसलेल्या प्राचार्यांच्या कानात सगळं सांगितलं आणि उठलो. त्यांनी माझी बाही धरली. "गर्जे, बसा खाली. कॉलेजची अब्रू जाईल. नंतर बघू."

"नंतर बक्षीस वाटून झालेलं असंल, सर."

बाही सोडवून मी पुढे गेलो. कार्डाचं सांगितलं, फोनचंही सांगितलं. मॅडम शांतपणे म्हणाल्या, "सिद्ध करा."

अख्खा हॉल खालच्या लॅबमध्ये उतरला. आधी नुसतं कार्ड लावलं आणि तो ग्राफ शीतलच्या ग्राफवर ठेवला. तिच्या चारही खाचा तंतोतंत जुळल्या. मग कार्ड काढून तिच्या खव्याचं उरलेलं फॅट लावलं. सोळाशे एकला काही नाही. वनस्पती तुपाची खूण मात्र जागच्या जागी.

मग त्या तिघांची सॅम्पलं लावली. टोकदार खाच गेली, तिथं पसरट, बोथट काहीतरी उरलं, पुरावा म्हणावं असं नाही.

बाभळीवाला कळवळून म्हणाला, "सर, आमी तीन पानं लिवली की त्याच्यावर!"

"छान लिहिली होती," मॅडम म्हणाल्या. "फक्त ती प्लास्टिकवर होती."

त्यांनी मार्कांचा कागद फाडला आणि नवा घेतला. पहिलं बक्षीस शीतलला. परत हॉलमध्ये तिचं नाव पुकारलं तेव्हा मी इतक्या जोरात टाळ्या वाजवल्या की प्राचार्यांनी वळून पाहिलं. स्टेजवरून खाली आल्यावर ती सरळ माझ्याकडे आली.

"फोनवर लई बोललात तुमी, सर."

"चुकलं माझं, बाई."

"बरं," म्हणाली आणि बक्षिसासोबत मिळालेला पेढ्याचा बॉक्स पुढे धरला.

सोमवारी मला मेमो आला. मी खुलाशात लिहिलं, ‘कार्ड काढायचं विसरलो. मुलीनं विचारलं, मी ऐकलं नाही.’ आता रिटायर झालो, तरी तो कागद माझ्या फायलीत आहे, आणि असू दे. मशीन चुकत नाही, हे मी आजही छातीठोकपणे सांगतो. त्याच्यापुढे जे ठेवलं तेच त्यानं सांगितलं. चुकतो तो माणूस, आणि चूक दाखवणाऱ्या पोराला आधी कमी मार्क पडतात.