चिंधी बांधलेली तीन भेदरं

माझ्या बायकोला विसरायला होतं, असं घरात सगळे धरून चालतात. ते खरं नाही. ते कसं सुरू झालं, हे फक्त मला माहीत आहे.

आमच्याकडे टमाटरांना भेदरं म्हणतात. परसातली भेदरं बायकोची. बी तिच्या माहेरचं, मुकुटबनचं. फळ चपटं, घड्या पडलेलं, तळहात भरेल एवढं. चकत्या कापून मीठ-जिरं भुरभुरलं की पोळीसोबत दुसरं काही लागत नसे. तिच्या माहेरी ते बी केव्हाच संपलं होतं. उरलं ते आमच्याच परसात.

बियाण्यासाठी राखलेल्या फळाच्या देठाला ती चिंधी बांधायची. त्याला घरात कोणी हात लावत नसे. ते झाडावरच मऊ पडू द्यायचं, मग बी राखेत चोळून, वाळवून पुडी बांधायची.

तीन वर्षांपूर्वी फाल्गुनात ती चार दिवस भावाकडे गेली. झाडं वाळत आली होती. चिंधीची तीन फळं तेवढी राहिली होती. अचानक माझे जुने साहेब आले. कचेरीत मी या भेदरांची फार फुशारकी मारलेली.

"दाखवा तर तुमचं ते भेदरं," ते म्हणाले.

एक कापलं. "वा! बायकोला भीत नसाल तर अजून होऊ द्या."

तिन्ही कापली. ताटलीत उरलेला रस आणि बिया मीच मोरीत धुऊन टाकल्या.

दुसऱ्या दिवशी बाजारातल्या टमाटरांचं बी काढून, राखेत चोळून उन्हात घातलं, आणि ती यायच्या आत पुडी तिच्या डब्यात ठेवली. आल्या आल्या ती परसात गेली.

"अहो, चिंधीवाली फळं कुठी गेली?"

"तूच तर बी काढून ठेवलंस जायच्या आधी. डब्यात पाहा."

तिनं पुडी सोडून पाहिली, पुन्हा बांधली. "काहून आठवून नाही राह्यलं मले?"

तेव्हाच सांगायला हवं होतं. मी पेपर उघडला.

पुढच्या हिवाळ्यात लांबट, जाड सालीची फळं लागली. "माझंच डोकं गेलं. कायचं बी काढलं, कोण जाणे," असं ती स्वतःच सगळ्यांना सांगू लागली. मुलानं तिला डॉक्टरांकडे नेलं. वय झालंय, लक्ष ठेवा, एवढंच ते म्हणाले. सूनबाईनं गॅस आपल्या हाती घेतला. "आई, चहात साखरच टाकली ना?" अशी थट्टा होऊ लागली. ती हसायची. मीही हसायचो.

मग तिनं परस सोडलं, एकटीनं बाहेर जाणं सोडलं. गुडघ्यांमुळे मीही घरातच. दिवसभर आम्ही समोरासमोर. ती उठून गॅस पाहून यायची, बसायची, पुन्हा उठायची. सांगावं वाटे, पण मग इतके दिवस गप्प का होतो, याला उत्तर नव्हतं. जितका थांबलो तितकं ते अवघड होत गेलं.

आज सकाळी इथवरचं सगळं लिहून तिला वाचून दाखवलं.

"म्हणजे मी बी काढलंच नव्हतं."

"नाही."

"मले वाटतच होतं." मग तिनं फोन माझ्यापुढे सरकवला. "लावा लेकाले. माझ्यासमोर."

आवाज मोठा करून ठेवला होता. मुलानं कामावरून फोन उचलताच विचारलं, "काय झालं बाबा? आईनं काही केलं का?"

ती माझ्याकडे पाहत होती.

"आईनं नाही," मी म्हणालो. "मी केलं. ऐक."