मेण लावलेली दोरी

मेणाचा वास आला की हिंगणघाटचं ते धनुष्यबाणांचं दुकान आठवतं. म्हाताऱ्या दुकानदाराने भाव कमी केला नाही, म्हणून चिडून मी लेकीचं धनुष्य नागपूरहून स्वस्तात आणलं होतं. निवड चाचणीच्या आदल्या दिवशी त्याची दोरी तुटली, नागपूरवाल्याने फोनवर हात झटकले, आणि लेकीला घेऊन मला त्याच पायऱ्या चढाव्या लागल्या. "काऊन भाऊ, नागपूर बंद हाय का?" म्हातारा म्हणाला, पण नव्या दोरीच्या धाग्यांवर त्याने मेण घासायला घेतलंही होतं. मी सवयीने भाव विचारला. "पोरीले नेम तं धरू दे आधी!" दुकानामागच्या पेंढ्यांवर तिचे तीन बाण नीट लागल्यावरच त्याने ती दोरी चढवलेलं धनुष्य आमच्या हाती दिलं. तिची निवड झाली. नागपूरवाल्यावरचा राग अजून गेलेला नाही. आता लेक वडनेरच्या पोरींना शिकवते. त्यांची धनुष्यं घ्यायला मी हिंगणघाटच्या त्याच दुकानात जातो, भावासाठी भांडतो, पण दुसऱ्या दुकानाचं नाव काढत नाही.