बाबूजींच्या बोटांतला खडू

"ताई, रविवारी हिंगणघाटले येजो," धाकट्या भावाचा फोन होता. "नागपूरहून पूलची एक मोठी खेळाडू येऊन राह्यली. काठीनं अशा करामती करते का पाहतच राहशीन."

"मी येऊन काय करू? मले त्यातलं काई समजत नाई."

"समजाची गरज नाई. समोरच्या खुर्च्यांवर बायका दिसल्या पायजे. ऑफिसातल्या दोघीतिघींलेही आण."

मी वर्ध्याला विमा कार्यालयात कारकून आहे. ऑफिसातल्या कोणी आल्या नाहीत. त्यांच्या मते पूल, म्हणजे हिरव्या टेबलावर काठीने बॉल मारणं, हा सिनेमातल्या गुंडांचा खेळ. मी सकाळच्या एसटीने एकटीच गेले. खेळाबद्दल उत्सुकता अशी नव्हती. भावाने बोलावलं होतं आणि आमच्या वडिलांना, बाबूजींनाही भेटणं होणार होतं, एवढंच.

हिंगणघाटच्या बाजारात आमचं कापडाचं दुकान होतं. गिरड, समुद्रपूरकडची माणसं लग्नाचा बस्ता बांधायला आमच्याकडे येत. घरातले सगळे गादीवर बसत, चहा पीत, आणि दिवसभर साड्यांच्या घड्या उलगडत राहत. नंतर ती गर्दी नागपूरला जाऊ लागली, मग मोबाइलवरून कपडे मागवू लागली. भावाने काही वर्षं रेटून पाहिलं आणि दुकान बंद केलं. वरच्या माळ्यावर गोदाम होतं, तिथे त्याने पूलची टेबलं टाकली. खालची जागा तशीच रिकामी राहिली, कारण ती भाड्याने द्यायला बाबूजी तयार नव्हते. ते मागच्या घरात भाऊ-भावजयीबरोबर राहतात, पण तो जिना ते कधी चढले नाहीत. कोणी विचारलं तर सांगत, "जुव्याचा अड्डा उघडला त्यानं."

जुगार तिथे चालत नव्हता. भाऊ कोणाला बिडीसुद्धा ओढू देत नसे. पण गावात बाबूजींचा शब्द जास्त चाले, आणि पोरांच्या आया पोरांना तिकडे फिरकू देत नसत. म्हणून हा कार्यक्रम होता. तो भर दुपारी, खाली बाजाराकडे शटर उघडं ठेवून करायचा होता, आणि खेळणारी बाई होती. हे सगळं भावाने विचार करून ठरवलं होतं.

मी पोचले तेव्हा एक टेबल खाली आणून झालं होतं. हिरव्या कापडाखाली दगडाच्या जड लाद्या असतात, हे मला त्या दिवशी कळलं. कापूस मार्केटातल्या हमालांनी त्या लाद्या दोरांनी बांधून जिन्यावरून उतरवल्या होत्या आणि मिस्त्रीने टेबल पुन्हा जुळवलं होतं. एक हमाल अजून कोपऱ्यात बसून कंबर चोळत होता.

थोड्या वेळाने त्या आल्या. माझ्या भावजयीने मनात तरुण, चटपटीत मुलगी धरली होती. गाडीतून उतरल्या त्या पन्नाशीच्या बाई, केस पिकलेले, अंगात पांढरा शर्ट आणि काळी पँट, गळ्यात दोरीला अडकवलेला चष्मा. हातात काठ्यांची लांब पेटी होती. "नमस्कार. पाणी द्या, आणि टेबल दाखवा," म्हणाल्या. बोलणं नागपूरचं, निम्मं हिंदी.

त्यांनी टेबलाच्या मधोमध एक बॉल ठेवला आणि हात काढून घेतला. बॉल क्षणभर थांबला आणि हळूहळू रस्त्याच्या दिशेने घरंगळू लागला.

"ये तो नहीं चलेगा, दादा," त्या भावाला म्हणाल्या. "उतार आहे."

भाऊ मिस्त्रीवर चिडला. मिस्त्री म्हणाला, मी पट्टी लावून पाहिलं होतं. आवाज वाढले तसे बाबूजी मागच्या दारातून आत आले. पायजमा, बंडी, डोक्यावर टोपी. दुकान बंद झाल्यापासून ते असे कोणाच्या मध्ये पडत नसत.

"त्याले काऊन बोलतं?" ते भावाला म्हणाले. "फरशीले उतार हाये. म्याच ठेवाले लावला होता. धुतली का पानी सडकीवर गेलं पायजे."

मग टेबलाच्या पायांखाली प्लायवूडचे तुकडे सारणं सुरू झालं. बाई बॉल ठेवत, बघत, मान हलवत. बाबूजी उभेच होते. शेवटी बॉल ठेवला तिथे थांबला तेव्हा भावजयीने त्यांच्यामागे खुर्ची आणून ठेवली. "बसा मामाजी." आणि ते बसले. पहिल्या ओळीत, अगदी कडेला. भावाने माझ्याकडे पाहिलं. मी नजर दुसरीकडे वळवली, न जाणो ते उठून जायचे.

दुपारी दुकान भरलं. बाजारातले दुकानदार, कॉलेजची मुलं, रस्त्यावर थांबलेली माणसं. बायका म्हणाल तर मी, भावजय, तिच्या दोन मैत्रिणी आणि शेजारच्या भांडेवाल्यांच्या वयस्कर सासूबाई, ज्या बाबूजींना बघून आल्या होत्या.

खेळ कसा होता ते मला नीट सांगता येणार नाही. आधी त्यांनी सहा बॉल एकमेकांना चिकटवून ठेवले आणि एका फटक्यात सहाही वेगवेगळ्या खिशांत घातले. टाळ्या पडल्या. नंतर पाण्याची बाटली उभी केली आणि पांढरा बॉल असा मारला की तो सरळ निघाला, बाटलीला वळसा घालून मागे वळला आणि पलीकडच्या बॉलला लागला. दोन काठ्या रुळासारख्या जोडून त्यावरून एक बॉल सोडला, आणि तो उतरून येईपर्यंत टेबलावरचे बाकीचे सगळे साफ केले. मुलं मोबाइल वर धरून होती. भांडेवाल्या सासूबाई मला म्हणाल्या, "क्यारमच हाये हे. बोटाऐवजी काठी, दुसरं काय."

मला करामतींपेक्षा त्या बाईंचं मधलं वागणं बघावंसं वाटत होतं. फटका मारायच्या आधी त्या टेबलाकडे बघतच नसत, लोकांकडे बघत. कोण हसतंय, कोण कंटाळलाय, कोणाचा हात कुठे आहे. टाळ्या थांबेपर्यंत काठीच्या टोकाला निळा खडू घासत. चेहऱ्यावर फारसं काही नसे. बँकेतली बाई नोटा मोजते तसं.

शेवटाकडे त्या म्हणाल्या, "आता मला एक माणूस हवा. पण न घाबरणारा."

कॉलेजची मुलं एकमेकांना ढकलू लागली. त्यांनी तिकडे पाहिलंच नाही. सरळ बाबूजींसमोर गेल्या आणि म्हणाल्या, "काका, तुम्ही याल?"

मला वाटलं, संपलं. आता हे उठतील आणि घरात जातील. बाजारातली माणसं ओरडू लागली, "जा ना शेठजी! जा!" बाबूजींनी टोपी सारखी केली आणि उठून टेबलापाशी गेले.

त्यांना टेबलाच्या टोकाला उभं केलं. खडूचा चौकोनी तुकडा टेबलावर ठेवून तो दोन बोटांत धरायचा होता, आणि त्या खडूवर एक लाल बॉल. मध्ये बॉलची एक आडवी रांग लावली. पांढरा बॉल त्या रांगेवरून उडी मारून येणार, लाल बॉल उडवणार आणि खडू बाबूजींच्या बोटांत तसाच राहणार, असा खेळ होता.

पहिला फटका कमी पडला. बॉल रांगेवरच आपटला. लोक हळहळले. दुसरा जास्त झाला. बॉल बाबूजींच्या खांद्यावरून गेला आणि मागे कडेच्या दुसऱ्या, बंद शटरच्या पत्र्यावर एवढ्या जोरात आदळला की भांडेवाल्या सासूबाई उभ्याच राहिल्या. भाऊ पुढे धावला. "बस झालं मॅडम, राहू द्या. बाबूजी, तुमी या इकडे."

बाबूजी जागचे हलले नव्हते. "काऊन?" ते म्हणाले. "नेम त्यायचा चुकला. माझा हात हालला का?"

"नाही काका," बाई म्हणाल्या. "तुमचा हात एकदम ठीक आहे."

तिसऱ्यांदा लाल बॉल टक्‌कन उडाला आणि दुकानभर आरडाओरडा झाला. बाबूजींनी खडू वर धरून सगळ्यांना दाखवला. लिलावात बोली जिंकलेल्या माणसासारखे ते हसत होते. त्यांना असं हसताना आई असतानाच पाहिलं असेल. भावाचे डोळे भरून आले होते. मी टाळ्या वाजवल्या, आणि परतीची एसटी किती वाजता आहे हेही त्याच वेळी डोक्यात चालू होतं.

कार्यक्रमानंतर बाई आमच्याकडे जेवल्या. भावजयीने पाटोडीचा रस्सा केला होता. हात धुवायला मी त्यांना मागच्या नळावर नेलं. त्यांच्या बोटांच्या फटींत निळा खडू बसला होता, साबणानेही जात नव्हता. हात चोळता चोळता, माझ्याकडे न बघता त्या म्हणाल्या, "काकांना डॉक्टरांना दाखवलंय?"

"कशासाठी?"

"उजवा हात. खुर्चीवर बसले होते ना, मांडीवर हात होता, तेव्हा थरथरत होता. अंगठा आणि बोट असं, गोळी वळल्यासारखं."

"वय झालंय त्यांचं," मी म्हणाले.

"वयाने थरथरणारा हात काही धरलं की जास्त थरथरतो. त्यांचा उलटा आहे. रिकामा असला की हलतो, धरायला दिलं की थांबतो. मी मुद्दाम त्यांना बोलावलं, मला बघायचं होतं." त्यांनी नळ बंद केला. "माझे वडील रेल्वेत होते. तिथल्या क्लबात त्यांनीच मला हा खेळ शिकवला. त्यांचं असंच सुरू झालं. आम्हाला कळायला फार उशीर झाला. मैं डॉक्टर नहीं हूँ, ताई. पण एकदा दाखवून घ्या."

मी त्यांना पंचा दिला. म्हटलं, "जेवायला चला, रस्सा थंड होईल."

जेवताना बाबूजी फार बोलत होते. शटरवर बॉल कसा आदळला ते त्यांनी दोनदा सांगितलं. घास उचलताना हात स्थिर होता. बोलता बोलता त्यांनी तो ताटाच्या कडेला टेकवला आणि विसरले, तेव्हा अंगठा आणि पहिलं बोट एकमेकांवर हळूहळू फिरू लागलं. स्टीलच्या ताटावर बारीक आवाज होत होता. बाईंनी मान वर केली नाही. त्या मन लावून जेवत होत्या.

त्या गेल्यावर मी भावाला बाजूला घेऊन सांगितलं.

"मी पाह्यलं होतं ते," तो म्हणाला. "मले वाटलं थंडीनं होते."

"उन्हाळ्यातही होत होतं का?"

त्याने आठवून पाहिलं. "हो ना, ताई. होत होतं."

पुढच्याच आठवड्यात भाऊ आणि भावजय त्यांना वर्ध्याला घेऊन आले. बाबूजींना यायचं नव्हतं. "बॉल मारणारी बाई काय डॉक्टर होती का?" असं ते माझ्या दारात चपला काढतानाच म्हणाले. मेंदूच्या डॉक्टरांनी त्यांना चालायला लावलं, बोटं उघडझाप करायला लावली, कागदावर चार ओळी लिहायला लावल्या. अक्षर ओळीच्या शेवटी लहान लहान होत गेलं होतं. डॉक्टर म्हणाले, कंपवात आहे, सुरुवात आहे. बरा होणारा नाही, पण गोळ्यांनी बरीच वर्षं चांगली जातात. कोणी लक्षात आणून दिलं, असं त्यांनी विचारलं. भावाने खरं ते सांगितलं. डॉक्टरांना त्यात काही विशेष वाटलं नाही. "घरात एकदा बघितलेलं असलं की ओळखता येतं," म्हणाले, आणि पुढच्या रुग्णाला बोलावलं.

त्या वेळी बाबूजी काही दिवस माझ्याकडे राहिले. ते घाबरले असतील, पण तसं त्यांनी दाखवलं नाही. सकाळी बाल्कनीत बसून हात समोर धरायचे आणि त्याच्याकडे एखाद्या नव्या नोकराकडे बघावं तसं बघायचे. मी चहा ठेवून ऑफिसला जायचे. एकदा मला म्हणाले, "बाई, कापड मोजताना कधी हालला नाई हा. मालूमच पडलं नाई मले."

"धरलेलं असलं की हलत नाही म्हणे," मी सांगितलं.

"हां," ते म्हणाले. "दुकान होतं तंवर हातात काई ना काई राह्यतच होतं."

भावाचा हेतू साधला, पण त्याने आखला होता तसा नाही. कॉलेजच्या दोन मुली काही दिवस खेळायला येत होत्या, मग परीक्षा लागल्या आणि त्या थांबल्या. मुलं मात्र वाढली, आणि त्यांच्या आया आता काही म्हणत नाहीत, कारण बाबूजी अड्डा म्हणायचे थांबले आहेत. जिना ते अजूनही चढत नाहीत. गुडघे दुखतात असं सांगतात, आणि ते खरंही असेल.

डॉक्टरांकडून माझ्या घरी आल्यावर भावाने त्या बाईंना फोन केला होता. आभार मानायचे म्हणून स्पीकर लावून आम्ही सगळे भोवती बसलो. त्या रायपूरला कुठल्याशा मॉलमध्ये होत्या, मागे गाणी चालू होती. भावाने तयार केलेलं वाक्य त्यांनी पुरतं ऐकलं नाही. कोणती गोळी दिली, दिवसातून किती, हे विचारलं. मग म्हणाल्या, "जेवणाच्या अर्धा तास आधी द्या. वरणासोबत, दुधासोबत देऊ नका, असर कम होता है. डॉक्टरांना विचारून घ्या." कोणीतरी त्यांना हाक मारली. "चला, माझा नंबर आला," म्हणाल्या आणि फोन बंद झाला.

बाबूजींनी विचारलं, "काय म्हणे?"

"गोळी जेवणाच्या आधी घ्यायची," भावजय म्हणाली. "दुधासंगं नाई."

"मंग दूध कवा प्याचं?"

"संध्याकाळी विचारतो डॉक्टरले," भाऊ म्हणाला, आणि भावजय ताटं घ्यायला उठली.