परक्या तळहातावरचं इष्टलिंग

देव हाकेला धावतो असं लोक सांगू लागले की मी गप्प बसते. माझ्या हाकेला तो धावला नव्हता. दोन दिवस उशिरा आला, तेही आधी चुकीच्या पत्त्यावर जाऊन. पण आला, एवढं काही मला नाकारता येत नाही, आणि तेवढ्यासाठीच हे लिहायला बसले आहे.

आम्ही औशाचे. वडिलांचं कापडाचं दुकान, घर लिंगायत. आठव्या वर्षी स्वामींनी माझ्या गळ्यात इष्टलिंग बांधलं. चांदीच्या डबीतलं ते लिंग अंगावेगळं करायचं नाही, आणि सकाळी डाव्या तळहातावर घेऊन पूजा केल्याशिवाय तोंडात घास घालायचा नाही, हा घरचा नियम. मी लातूरला अकरावीत गेले तेव्हा लातूर जिल्हा नुकताच वेगळा झाला होता. नव्या जिल्ह्याला सगळंच नवं हवं होतं, नवी कचेरी, नव्या पाट्या, आणि मुलींचा फुटबॉलचा संघसुद्धा. पीटीच्या सरांनी कबड्डी-खोखोच्या पोरी गोळा केल्या. मी उंच, म्हणून मला म्हणाले, "तू गोलात थांब. आत काही येऊ देऊ नको." एवढंच माझं शिक्षण.

साल दुष्काळाचं. गोलापुढची माती इतकी कडक की उडी मारली की कोपराचं सालटं निघायचं. बॉल छातीशी आवळला की डबी हाडावर रुतायची, तिथं कायम निळा डाग. आईला खेळ मुळीच पसंत नव्हता. "मातीत लोळायला कशाला जाती गं, माय?" म्हणून कटकट करायची, पण बनियनला आतून डबीपुरता खिसा तिनंच शिवून दिला, तोही दुहेरी टाक्यानं. दोन वर्षं मी गोलात उभी राहिले आणि फार चांगली उभी राहिले. हे मीच सांगते, कारण दुसरं कुणी सांगणार नाही. वडिलांची अट साधी होती, "राज्याच्या स्पर्धेत खेळलीस तर पुढं शीक. न्हाई तर उन्हाळ्यात लग्न."

राज्याला जायचं तर नांदेडच्या संघाला नांदेडात हरवायचं होतं. सामन्याआधी पंच आमचे गळे-हात तपासत आले आणि माझ्या छातीवरची डबी त्यांच्या हाताला लागली. "हे काढा. अंगावर टणक वस्तू चालत नाही." मी म्हटलं, हे काढत नसतात. ते म्हणाले, मग खेळू नका. मी सरांकडे पाहिलं. सर स्वतः लिंगायत नव्हते, पण त्यांना सगळं ठाऊक होतं. ते कानाशी येऊन म्हणाले, "काढ गं बाई, तासाभराचा तर प्रश्न आहे. नव्या जिल्ह्याचं हसं करू नको." आणि मी काढलं. पंचांनी काढलं नाही, सरांनी काढलं नाही, माझ्या हातांनी मी काढलं. त्या क्षणाचा राग मला अजून येतो, आणि सगळ्यात जास्त माझाच येतो.

आता ठेवायचं कुठं? खाली ठेवता येत नाही, कुणाच्याही हातात देता येत नाही. मैदानाच्या कडेला टँकरची वाट पाहत बायकांची घागरींची रांग बसली होती. तिथून एक उन्हानं रापलेली, पन्नाशीची बाई उठून आली. "रडून राहिलीस का गं?" मी मूठ उघडून दाखवली. तिनं आपला पदर बाजूला करून गळ्यातला दोरा दाखवला. "माझ्याबी गळ्यात हाय. दे हिकडं. तू खेळ." तिनं माझं लिंग डाव्या तळहातावर घेतलं, उजवा हात वर झाकला आणि गोलामागं मांडी घालून बसली.

आम्ही एका गोलानं पुढं होतो. शेवटी शेवटी त्यांना पेनल्टी मिळाली. मी डावीकडं झेपावले, बॉल बोटांना लागून बाहेर गेला आणि मी हातावर पडले. मनगट मोडलं, दोन बोटं वाकली. डोळ्यांपुढं अंधारी आली. मला जीपमध्ये घातलं आणि थेट दवाखान्यात नेलं. शुद्धीवर आले तेव्हा पहिला विचार आला डबीचा. ती बाई कोण, कुठली, काहीच माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी वडील एसटीनं आले. हाताकडं पाहिलं नाही. पहिला प्रश्न, "लिंग कुठाय?" मी सांगितलं तशी ते भिंतीकडं तोंड करून बसले. मग सर आले. चौकशी केली आणि म्हणाले, "हातमोजे दे बाई, ते जिल्ह्याचे आहेत. राखीव पोरीला राज्याला घालायचे आहेत." डावा मोजा डॉक्टरांनी कात्रीनं कापून काढला होता. तो पाहून सर हळहळले, "अरेरे, नवा होता!" मी घास घेतला नव्हता. घरच्या नियमासाठी की रागानं, देव जाणे. 'मी तुला टाकलं म्हणून तू मला टाकलंस, असाच हिशेब असेल तर राहा तिकडं,' असं मी त्याला मनात सुनावलं. वर हाकही मारत होतेच.

तिसऱ्या दिवशी सकाळी ती बाई वॉर्डाच्या दारात उभी. डावी मूठ मिटलेली, उजव्या हातात झाकलेला तांब्या. "हाड मोडलं म्हणल्यावर मी हाड बसवणाऱ्याच्या गावाला गेले की! दोन दिस तिथंच हुडकून राहिले. तिथं कुणी सांगितलं, आजकालच्या पोरी दवाखान्यात जातेत." माझा डावा हात प्लास्टरमध्ये. पूजा करायची कशावर? तिनं आपला तळहात पुढं केला. "घे, माझ्या हातावर कर." ती तांब्या घेऊन उभी, मी उजव्या हातानं पाणी घातलं. वडील उठून पाठीशी येऊन उभे राहिले. हे शास्त्रात बसतं का, मला ठाऊक नाही. स्वामींना मी कधी विचारलं नाही.

पूजा झाल्यावर वडिलांनी तिला विचारलं, "बाई, एवढं पाणी कुठून आणलं?" ती हसली. "सामन्याच्या दिशी तर नंबरच गेला माझा. हात अडकले होते ना. टँकर आला, बाकीच्यांनी भरून घेतलं, गेला. हे आजचं हाय." तिच्या घरी त्या दिवशी काय शिजलं, कशात शिजलं, हे विचारायचं मला सुचलं नाही. नावसुद्धा विचारलं नाही. मी जेवत होते.

संघ राज्याला गेला. प्रमाणपत्रं खेळलेल्यांना मिळाली, त्यावर तिघींना पुढं नोकऱ्या लागल्या. उन्हाळ्यात माझं लग्न मुखेडला झालं. माझी दोन बोटं सरळ झाली नाहीत. त्या पेनल्टीची आठवण जिल्ह्यात कुणाला नाही, आणि ते मला लागतं, आजही लागतं. उगाच गोड बोलणार नाही.

पण गोलात उभं राहून मला एकच येत होतं, पकडणं. आपण पकडलं तरच राहतं, अशी माझी खात्री होती. जे मी सोडलं ते मात्र दोन दिवस एका परक्या मुठीत सांभाळलं गेलं, आणि मला त्यासाठी काहीच करावं लागलं नाही. आता रोज वाकड्या बोटांच्या तळहातावर लिंग घेते. पहिली पळी त्या बाईच्या नावानं घालते. नाव माहीत नाही, म्हणून म्हणते, 'नंबर गेलेल्या माये, आधी तू भरून घे.'